उकळून गाळलेली नदी

खारघर
७ डिसेंबर, रविवार

मैत्री,

आणि वर म्हणे मी तुझं वाटोळं केलं! तपासायचं पाणी घाणच पाठवायचं असतं, हे आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला कुणी सांगितलं होतं का? तू फोनवर काय म्हणलीस ते आठव. "दादा, तुझ्या खिडकीतून नदी दिसते ना, तिचं एक बाटली पाणी पाठव. विज्ञानाच्या प्रकल्पाला पाहिजे, आपल्या गावच्या नदीशी तुलना करायचीय." बास. 'जसं आहे तसं' असं तू म्हणलीच नव्हतीस. म्हणली असशील तर आवाज कटला असंल.

आता तूच सांग, घरी वस्तू पाठवायची म्हणल्यावर माणूस काय करतो? आई मला ज्वारी पाठवते ती खड्यासकट पाठवते का? निवडते, पाखडते, मग पोतं शिवते. मीपण तेच केलं. बादलीत पाणी दुपारभर निवळू दिलं. वरचं वरचं घेऊन बनियनमधून गाळलं. नवं बनियन होतं. आता ते बनियन म्हणायच्या लायकीचं राहिलं नाही. मग स्टोव्हवर उकळलं. तेवढ्यात आमच्या सोसायटीच्या मालकीणबाई आल्या, जाईबाई. इकडच्याच आहेत, मूळच्या आगरी. बोलणं एकदम सरळ.

"काय रं प्रितम, कसला वास येतंय? काय शिजवतंस?"

म्हणलं, पाणी उकळतोय. नदीचं.

"नदीचं? पितंस का काय? मरशील ना, मंग खोलीचं भारं कोन देल?"

मी सांगितलं, बहिणीच्या शाळेला पाहिजे. तर बाई आत गेल्या आणि तुरटीचा खडा घेऊन आल्या. "पोरीला पाठवतंस तं तुरटी तरी फिरव. असलं पानी कोन पाठवतं बहिनीला?" म्हणजे बघ, मी एकटाच येडा नव्हतो. मोठ्या माणसाचा सल्ला होता.

पुन्हा गाळलं. पुन्हा उकळलं. बादलीची बाटली झाली. उन्हात धरली तर पलीकडचं सगळं दिसायलं. ट्रॅव्हल्सच्या चंद्रशेखर ड्रायव्हरकडं दिली, तर तो झाकण उघडून वास घेतो आणि म्हणतो, "खरं सांग, हे पाणीच आहे ना? मला पोलिसांत अडकवू नको." एवढं स्वच्छ.

ते पाणी तू तपासलंस, आपल्या गावचं तपासलंस, आणि तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंस की कारखाने असूनही शहरातली नदी गावच्या नदीपेक्षा स्वच्छ आहे. आपल्या नदीत म्हशी बसतात हे मला माहीत होतं, पण एवढ्या बसतात हे माहीत नव्हतं. तालुक्यात तुझा पहिला नंबर आला. सरपंच गोटीराम काकांनी तुझ्या तक्त्याशेजारी उभं राहून फोटो काढला आणि भाषणात सांगितलं की कारखाना आला की नदी सुधारते, या लेकरानं सिद्ध केलं. त्यांना नदीकाठची जमीन कुण्या केमिकलवाल्याला विकायचीय, हे सगळ्या गावाला माहीत आहे. यात माझा काय दोष?

माझा दोष एवढाच की मला आनंद झाला. मी कंपनीत सगळ्यांना चहा पाजला आणि तुझ्या विज्ञानाच्या राजश्री मॅडमच्या फोनवर फोन लावला. स्पीकर चालू आहे, शाळा बसलीय, परीक्षक बसलेत, हे मला काय स्वप्न पडलं होतं? मी म्हणलं, "अगं, पहिली येणारच! दोनदा उकळलं होतं, गाळलं होतं, तुरटी फिरवली होती!" पलीकडं इतकी शांतता झाली की मला वाटलं रेंज गेली. म्हणून मी तेच परत एकदा मोठ्यानं सांगितलं.

त्यावरून तू मला ब्लॉक केलंस. आईच्या फोनवर केलंस, म्हणजे मी आईलापण मेलो. आता तुझं पत्र आलंय चंद्रशेखरच्या हातानं. सुरुवात काय? 'प्रति, नमुना पाठवणारे इसम.' अख्ख्या पत्रात दादा हा शब्द नाही. ना जयभीम, ना कसा आहेस. नुसत्या सूचना. नवी बाटली. नदीच्याच पाण्यानं तीनदा खळखळून घ्यावी. काठोकाठ भरावी, हवेचा बुडबुडा राहू नये. तीन जागचं पाणी: कारखान्यांच्या वरच्या अंगाचं, मधलं आणि खालचं. बर्फात ठेवावं. चव घेऊ नये. (चव कोण घेणार होतं?) आणि नमुन्याविषयीचा सगळा व्यवहार लेखी करावा, राजश्री मॅडम तो प्रकल्पाच्या फाईलला लावणार आहेत.

म्हणून हे लेखी. मॅडम, जयभीम. वरचं भांडण घरचं आहे, ते वगळून लावा.

तुझं म्हणणं मला कळलंय. खरं पाणी आलं आणि तक्ता दुरुस्त झाला तर मॅडम तुला जिल्ह्याला पाठवतील. नाही आलं तर गोटीराम काकांचा निशांत जाईल, इंजेक्शनच्या सिरींजांचा जेसीबी घेऊन. तो जेसीबी त्याच्या मामानं बनवलाय, हेपण गावाला माहीत आहे. पण मामानं स्पीकरवर सांगितलं नाही, एवढाच फरक.

पाठवतो. जसं आहे तसं पाठवतो. आईला सांग माझी तब्येत चांगली आहे. फ्लॅट चांगला आहे. लिफ्ट सध्या बंद आहे.

प्रितम
(नमुना पाठवणारा इसम)


खारघर, म्हणजे तळोज्याच्या बाजूला
१४ डिसेंबर, रविवार

मैत्री,

सोबत तीन बाटल्या. फाईलला लावायचं लेखी खालीलप्रमाणे.

आज सकाळी मी आणि माझा दोस्त शादाब त्याच्या गाडीवरून गेलो. शादाब इथला, रायगडचाच. त्याचे मामू मच्छीच्या धंद्यात आहेत, म्हणून बर्फाची पेटी त्यानं आणली. पेटी चार वेळा धुतलीय. तरी वास आला तर तो मच्छीचा समजावा, नदीचा समजू नये. नदीचा वेगळा आहे, तो पुढं लिहितो.

बाटली क्रमांक एक. कारखान्यांच्या वर, जिथं अजून शेतं आहेत. पाणी हिरवट, तळ दिसतो, एक बगळा उभा होता. वास: मातीचा. शादाब म्हणाला, "इथंच तिन्ही भरून घे ना भाई, कोण बघायला आलंय?" मी म्हणलं, तसंच करून बसलोय एकदा, माझी बहीण माझं नाव घेईना झालीय. तर म्हणतो, "चल मग, ऑनेस्टी दाखवू."

बाटली क्रमांक दोन. मधली. ही भरताना थोडं झालं. ते लेखी लिहावं का नाही कळंना, पण तू म्हणलीस सगळं लिहायचं.

मधली जागा म्हणजे कंपन्यांच्या भिंतीमागचा पट्टा. एका ठिकाणी उतरायला पायवाट आहे. मी खाली उकिडवा बसून बाटली खळखळून घेत होतो. (ज्या पाण्यात मी हात घालणार नाही त्यानं बाटली तीनदा धुवायची, हे कुठलं शास्त्र आहे ते मॅडमना विचार.) तेवढ्यात वरून शिट्टी. सिक्युरिटीवाला, हातात काठी.

"ए! काय भरतोय?"

"पाणी."

"ते दिसतंय. कशाला?"

"बहिणीचा विज्ञानाचा प्रकल्प आहे."

"सगळे हेच बोलतात," तो म्हणाला. "मागच्या टायमाला एक आला, बोलला लग्नाचं शूटिंग करतोय. इथं! कोण नवरी येणार इथं?"

शादाबला नको तिथं तोंड उघडायची खोड. म्हणाला, "चाचा, घाबरताय कशाला, पाणी तर आहे." झालं. चाचानं वायरलेसवर कुणाला तरी बोलावलं. आला तो सुपरवायझर. आणि मी अंगात टी-शर्ट कुठला घातलेला? तर त्याच कंपनीचा. रविवारी धुतलेला तेवढाच होता. पाठीवर एवढं मोठं नाव.

सुपरवायझर माझ्याकडं बघतो, टी-शर्टकडं बघतो, बाटलीकडं बघतो. "तू आपल्या पॅकिंगचा ना? कोणी पाठवलं तुला? पेपरवाल्यांनी?"

"नाही साहेब. मैत्रीनं. नववीला आहे."

"बाटली खाली ठेव."

मैत्री, मी ती खाली ठेवली असती. आधीच्या प्रितमनं ठेवली असती. पण तिच्यात बुडबुडा राहू न देता ती भरायला मला किती कसरत करावी लागली ते तुला माहीत नाही. मी झाकण लावलं, खिशात घातली आणि म्हणलं, साहेब, तुमचं पाणी चांगलं असंल तर तुमचंच नाव होईल, पोरगी मोठ्या अक्षरात लिहिते. त्यानं माझा फोटो काढला. हसून काढून घेतला मी.

तर बाटली दोन: रंग चहाचा, पण दूध फाटलेल्या. वास: रबर जाळून ते फिनाइलनं पुसल्यासारखा. तू वेळ लिहायला सांगितलीस, ती शिट्टीच्या आधीची आहे. एक गोष्ट मॅडमना सांग. तू रविवार ठरवलास, पण नदीचा रंग रोज एक नसतो. इतर दिवशीचा रंग तुमच्या तक्त्याच्या पेनांत मिळणार नाही.

बाटली क्रमांक तीन. खालची. ही माझ्या इथूनच, मागच्या बाजूनं भरली. रंग काळपट. फेस आहे. वास: आमच्या खोलीसारखा.

म्हणजे सोसायटीसारखा. खोडलं तर फाईलमध्ये वाईट दिसंल म्हणून ठेवतो.

मी बाटलीत काही टाकलं नाही, काही काढलं नाही. झाकणावर पट्टी लावून सही केलीय. चंद्रशेखर आत्ता निघंल, उद्या सकाळी फाट्यावर पेटी देईल. बर्फ तोवर टिकतो, मामूंची पापलेटं नागपूरपर्यंत टिकतात.

प्रितम


जासई
२३ डिसेंबर, मंगळवार

मैत्री,

पत्ता बदललाय त्याचं आधी सांगतो. पॅकिंगचं काम सोडलं. सोडलं म्हणजे मी आणि कंपनीनं मिळून सोडलं, त्यांची घाई जास्त होती. आता जासईला कंटेनरच्या यार्डात आहे. एकावर एक कंटेनर रचलेले असतात, मोठी क्रेन येते, मी खालून शिट्टी मारतो. शिट्टीची बाजू बदलली एवढंच. काम चांगलं आहे, हवा चांगली आहे. आईला फक्त हवेचं सांग.

आता पेटीचं. आईनं मसाला वाटून ठेवला होता हे वाचून मी यार्डात एकटाच हसलो, तर क्रेनवाल्याला वाटलं मी त्याला इशारा देतोय. त्यानं कंटेनर तिसरीकडंच ठेवला. चंद्रशेखरला कुणी सांगितलं होतं आईला फोन करायला की तुमच्या पोरानं मासे धाडलेत? गाडीत प्रवाशांनी त्याला वासावरून झोडपलं, म्हणून त्याला वाटलं मासेच. आणि आई लिंबू-मीठ घेऊन बसली! पेटी उघडल्यावर तिचं तोंड कसं झालं असंल? तू लिहितेस की ती अर्धा तास म्हणत होती, "माझ्या पोरानं एवढ्या लांबून मला गटाराचं पाणी पाठवलं." तिला म्हणावं गटाराचं नाही, नदीचं. नीट सांग, तिच्या मनात राहील.

तुझा निकाल वाचला. दोनदा वाचला. मला त्यातलं कळतं तेवढं लिहितो, चूक असंल तर मॅडमनी लाल करावं. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, मासे तोच घेतात. मॅडमनी आणलेल्या औषधाचे थेंब टाकले की तपकिरी साका आला तर प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर नाही. पहिल्या बाटलीला तपकिरी आला. दुसरीला पांढरा. तिसरीला पांढरा. म्हणजे तिथं मासा टाकला तर तो बुडून मरंल. मी हे शादाबला सांगितलं, तर तो म्हणाला, "त्याला थेंब कशाला, मेरेको पूछना था. तिथं मासा जगत नाही, हा तर मामूचा घरचा अभ्यास आहे." जाईबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माजा सासरा हीच नदीन कोलंबी धरायचा रं. टोपल्या भरून. तुजे त्या थेंबानला आज कललं व्हय?" आणि आत जाऊन भांडी आपटायला लागल्या.

पण गोटीराम काकांचं वाचून माझं डोकं फिरलं. भर शाळेत म्हणाले, "आधी पोरानं साफ करून धाडलं, आता घाण करून धाडलंय. काडीपेटीचा गुल टाकला असंल, डांबर टाकलं असंल. त्याच्या पाण्यावर कोण इस्वास ठेवणार?" आणि लोक हसले. मी साफ केलेलं पाणी सगळ्या तालुक्यानं खरं मानलं, बक्षीस दिलं. आणि हे, ज्याच्यासाठी मी नोकरी… ज्याच्यासाठी मी एवढी कसरत केली, ते खोटं! काकांना म्हणावं, डांबर विकत घ्यावं लागतं. एवढं घाण पाणी करायचं तर मला पगार पुरणार नाही. त्याला मोठी कंपनी लागते.

मॅडमनी 'नमुना संशयास्पद' असा शेरा मारला, त्यात त्यांची चूक नाही. एकदा स्पीकरवर ऐकलंय त्यांनी मला. पण त्या म्हणतात की हा प्राणवायू खरं तर नदीच्या काठावरच तपासायचा असतो, बाटली प्रवास करून आली की पक्कं बोलता येत नाही. मग नावं द्यायच्या तारखेपर्यंत, पंधरा जानेवारीपर्यंत, काहीतरी करा म्हणावं त्यांना! निशांतचा जेसीबी काठावर नेऊन तपासला का कुणी? त्यानं पंख्याच्या वाऱ्यानं मान टाकली होती म्हणे.

तू लिहिलंस की सगळे हसत असताना तू काही बोलली नाहीस, बाटल्या धुऊन ठेवल्यास. बोलायला पाहिजे होतं. मी असतो तर बोललो असतो. म्हणजे बिघडवलंच असतं, पण बोललो असतो.

पत्राच्या शेवटी एक ओळ वेगळ्या पेनानं लिहिलीस. 'दादा, तिसरी बाटली तू राहतोस तिथली आहे ना?'

त्याचं नंतर बघू. क्रेनवाला बोलवायलाय.

प्रितम


तळोजा
जाईबाईची चाळ, नदीकडची शेवटची खोली
४ जानेवारी, रविवार

मैत्री,

जयभीम.

तू ब्लॉक काढलास ते दिसलं. एकतीस तारखेला चार वेळा फोन आला, पहिलीलापण आला. मी उचलला नाही. आधी महिनाभर मी फोन लावत होतो तेव्हा तू उचलत नव्हतीस, आता तू लावतीस तर मी उचलत नाही. आई म्हणत असंल, दोघांना एकाच दिवशी ठेचून काढायला पाहिजे होतं. पण फोनवर मला जमत नाही. फोनवर माझ्या तोंडातून लगेच फ्लॅट निघतो.

वरचा पत्ता नीट वाच आणि आईला मोठ्यानं वाचून दाखव. मी पुन्हा लिहिणार नाही. जासईला नुसतं काम आहे, राहतो मी पहिल्यापासून इथंच. इकडं यायच्या आधीच तिला सांगून ठेव, लिफ्ट शोधू नको म्हणावं. जिनापण नाही. दारातच उतरतो आपण.

हो, तिसरी बाटली इथली. खिडकी आहे, नदी दिसते, हे मी कधी खोटं बोललो नाही. ती उघडतो का असं तू कधी विचारलं नाहीस.

तुला वाटतं मी पाणी गाळलं ते ज्वारी निवडतात तसं. आहे, तसंपण आहे. पण तू म्हणलीस ना, तुझ्या खिडकीतली नदी पाठव. आता ती मी कशी पाठवणार होतो? तूच सांग. त्या बाटलीवर माझं नाव येणार, आई ती हातात घेणार. म्हणून म्हणलं, जरा बरी दिसली पाहिजे. मॅडम, हा भाग फाईलला लावला तरी चालंल. संशयास्पद नमुन्यापेक्षा तो बरा.

आता कामाचं. मी खूप विचार केला. यार्डात शिट्टी मारायची असते तेवढी मारली की बाकी वेळ विचारालाच असतो. माझ्या हातानं भरलेलं पाणी आता कुणी खरं मानणार नाही. तिसरी पेटी पाठवली तर काका म्हणतील, प्रितमनं या वेळी खालून-वरून दोन्हीकडून काही केलंय. तेव्हा पाणी मी भरायचंच नाही. तू भर. मॅडमचं ते थेंबांचं औषध घे, तुझा तक्ता घे, आणि इकडं ये. काठावर बसून, तुझ्या हातानं. मॅडमना सुट्टी मिळत नाही म्हणालीस, मग साक्षीला गोटीराम काकांना आण.

हसू नको. मी खरंच लिहायलोय. त्यांच्याइतका पक्का साक्षीदार जगात मिळणार नाही. त्यांना नदी स्वच्छ निघायला पाहिजे आणि तू हरायला पाहिजे. असा माणूस जिथं गप बसंल तिथं जिल्ह्याचा परीक्षकपण गप बसंल. त्यांना सांग की प्रितम म्हणतो, तुम्ही म्हणालात ते बरोबर असंल, तुम्ही स्वतः बाटली भरा, मी दूर उभा राहतो. हात मागं बांधून उभा राहतो. नाही म्हणाले तर सगळ्यांसमोर विचार, शाळेतच विचार, ते बोलले होते तिथं. स्पीकर लागला तर मी आहे.

शुक्रवारी नऊ तारखेला चंद्रशेखरच्या गाडीनं निघा. शनिवारी सकाळी कळंबोलीला उतरा, शादाब रिक्षा घेऊन येईल. तुला आणि आईला राहायला त्याच्या घरी, त्याची आई बतूलचाची म्हणाली, मच्छीची पेटी बघून घाबरलेल्या बाईला मी खरी मच्छी खाऊ घालते. जाईबाई दुपारचं करणार आहेत, तांदळाच्या भाकऱ्या. त्यांनी मला कालच बजावलं, "पोरीला बोल, कारखान्याचे वरचं पानी बी दाखवीन तिला, बगला हाय तिथं. नुसतं घान दाखवू नुको तिला. तशी नव्हती आमची नदी." काका माझ्या खोलीत झोपतील. मी बाहेर झोपेन. त्यांच्याकरता खिडकी उघडी ठेवतो, हवेशीर.

मधल्या जागेला जाताना मी पुढं येणार नाही, त्या सुपरवायझरकडं माझा फोटो आहे. तू आणि काका जा. शाळेचा गणवेश घाल. काकांना फेटा बांधून ये म्हणावं. सरपंचाला शिट्टी मारून दाखव म्हणावं त्या चाचाला.

पांढरा साका आला की लगेच लिही, वेळ टाक, काकांची सही घे. आणि तपकिरी आला तर तसं लिही. मी काही म्हणणार नाही. तुझा आधीचा निष्कर्ष मीच बनवून दिला होता, हा तुझा तू काढ.

आणि जिल्ह्याला गेलीस आणि कुणी विचारलं, ही माहिती कुठून आली, तर सांग, माझा भाऊ तिथं राहतो. खारघर म्हणू नको.

यार्डाचं काम सोडलेलं नाही, हे मुद्दाम लेखी देतोय. आईला सांग.

चंद्रशेखरकडं पाकीट दिलंय, मोजून घे. तिकीट साडेआठशेला एक. तुझं जायचं-यायचं, आईचं जायचं-यायचं. काकांचं फक्त यायचं. नदीत हात घालून बाटली तीनदा खळखळली की परतीचं तिकीट ते स्वतःच्या खिशातून काढतील, आणि मिळंल त्या गाडीचं काढतील. सगळे मिळून पाठवतोय, चार हजार दोनशे पन्नास रुपये.

तुझा दादा,
प्रितम